पिवळ्या छपरातलं भोक

वॉरिकने टेबलावरच्या जिगसॉचा एक तुकडा दोन बोटांत उचलला, उजेडात धरून पाहिला आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकून दिला. कुणी पाहू नये अशा बेताने नव्हे, उलट नोलीनने पाहावं म्हणूनच, कारण लगेच त्याने तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. समोर बसलेली केरिन, नोलीनची मुलगी, खोक्याच्या झाकणावरचं चित्र निरखण्यात गढली होती. नोलीन हसली. ठरवून हसली नव्हती. गरम तव्यावरून हात जसा परस्पर मागे येतो तसं तोंडाने परस्पर हसून टाकलं, आणि आपण हसतो आहोत हे तिला गाल दुखायला लागले तेव्हा कळलं. नवरा गेल्यापासून हे हसू या चेहऱ्यावर कधी आलं नव्हतं. मेलं तिथेच होतं तर, इतकी वर्षं, कातडीखाली दबा धरून.

ख्रिसमस होऊन गेला होता. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलवर उन्हाची नुसती आग पाखडली जात होती आणि मेफील्ड भागातल्या त्या लाकडी फळ्यांच्या घरात पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता. टीव्हीवर मेलबर्नचा कसोटी सामना चालू होता, आवाज बंद करून. या दिवसांत दुसरं करायचं तरी काय. हॅमची तंगडी ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये असते, ती चार दिवस कापत राहायची. डबल रोटीत घालून खायची. आणि टेबलावर जिगसॉचं खोकं उपडं करून, येताजाता दोन तुकडे बसवत, गप्पा मारत, न मारत, वेळ घालवायचा. यंदाचं चित्र जुन्या काळच्या बाजारपेठेचं होतं. पाववाल्याची घोडागाडी, खाटीक, एक कुत्रा, सज्ज्यात गालिचा झोडपणारी बाई, आणि फळवाल्याच्या दुकानावर मोठं थोरलं पिवळं कापडी छप्पर. वॉरिकच्या खिशात गेलेला तुकडा त्या छपरातला होता. आठवडा उलटला की केरिन वॉरिकबरोबर देशाच्या दुसऱ्या टोकाला, लोखंडाच्या खाणीच्या गावी जाणार होती. दातांच्या दवाखान्यातली नोकरी तिने सोडली होती, भाड्याचं घर सोडलं होतं, जड सामान पुढे गेलंसुद्धा होतं. पन्नाशीच्या उंबऱ्यावर बाईला पुन्हा कुणीतरी आवडावं याचा नोलीनला आनंदच झाला होता. आत्तापर्यंत.

आणि माणूस वाईट म्हणावा तर तसं एक लक्षण नव्हतं. आल्या दिवशी शिडी लावून त्याने पन्हाळीतला पाला काढला. जाळीच्या दाराची कडी किती वर्षं बसत नव्हती, ती त्याने नवा आकडा लावून अशी बसवली की एका बोटाने पडावी. जेवण झालं की भांडी तोच घासायचा, आणि तेही सांगितल्यावाचून. नोलीन, तुम्ही बसा हो, म्हणायचा. आवाज कधी चढला नाही. पण आवाज तिच्या नवऱ्याचा, क्लॅरीचाही चढला नव्हता. सगळ्या पोलाद कारखान्यात क्लॅरीसारखा शांत फोरमन नाही असं त्याला पुरायला आलेले लोक म्हणत होते, आणि नोलीन त्यांना चहा देत होती. गोगलगाय नि पोटात पाय, हे त्यांना कोण सांगणार. शिवाय दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. खिशात तुकडा टाकणाऱ्या पुरुषांवरून काही ठरवायचं म्हटलं तर निम्मं शहर तुरुंगात घालावं लागेल. ही गंमत घरोघर चालते. चित्र पुरं करण्याचा मान शेवटचा तुकडा लावणाऱ्याचा, म्हणून कुणीतरी आधीच एक तुकडा लपवतो, बाकीचे शोधशोध शोधतात, आणि मग तो राजासारखा येऊन तुकडा लावतो, वर हाताने एक थाप मारतो. नोलीनचे वडील ट्रॅम चालवायचे, तेही हेच करत. पण ते फार वेळ काढत नसत. पोरं टेबलाखाली वाकली की लगेच, अरे हे काय माझ्या कानात निघालं, म्हणून तुकडा काढायचे आणि त्या दिवशी ज्याला रडू आलं असेल त्याच्या तळहातावर ठेवायचे. लाव बाळ, म्हणायचे. त्यांच्या बोटांना पितळेच्या दांड्याचा वास यायचा. म्हणजे खिशात तुकडा घालणं हा गुन्हा नाही. भोक उरल्यावर माणूस काय करतो ते बघायला हवं. नोलीनने हे मनाशी नीट मांडून घेतलं, आणि तरी तिची नजर पुन्हा त्या खिशावर गेली.

क्लॅरीची गंमत सुरुवातीला तिच्या वडिलांइतकीच होती. लग्नानंतरच्या पहिल्या ख्रिसमसला त्याने धबधब्याच्या चित्रातला फेसाचा तुकडा सिगारेटच्या पाकिटामागे ठेवला होता, आणि नोलीनला वाटलं, चला, माहेरच्यासारखाच आहे. दुसऱ्या वर्षी शोध लांबला. त्यानंतर लांबतच गेला. तो खुर्चीत मागे रेलून मानेमागे हात बांधायचा आणि म्हणायचा, एक कमी आहे, नोलीन. बस, एवढंच. मग ती शोधायची. टेबलाखाली, सोफ्याच्या गाद्यांखाली, कुत्र्याच्या अंथरुणात. गुडघे सोलवटायचे. एका वर्षी त्याने तिला व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी करायला लावली, आणि ती त्या करड्या धुळीत, केसांच्या गुंतवळांत, मेलेल्या माश्यांत बोटं घालून चिवडत राहिली, आणि तो शेजारी उभा राहून अगदी प्रेमाने म्हणत होता, नीट बघ, घाई करू नकोस. तिला ठाऊक होतं की तुकडा त्याच्या खिशात आहे. खिशाच्या कापडावर त्याचा उंचवटा दिसायचा. तरी ती शोधायची. कारण तिने शोधून शोधून पुरेशी माती खाल्ली की तो निवायचा, तुकडा लावायचा, थाप मारायचा, आणि सगळे हसायचे. तीही हसायची. मारापेक्षा ते हसणं तिला आज जास्त झोंबत होतं. मार निदान त्याचा होता, हसू तिचं स्वतःचं होतं.

मारही होताच. तो काही जिगसॉपुरता नव्हता. इस्त्रीची वायर होती, न्हाणीघराच्या दाराची कड होती, एकदा गोठलेल्या मेंढीच्या तंगडीने त्याने तिचं गळ्याचं हाड मोडलं आणि तीच तंगडी रविवारी भाजून सगळ्यांनी खाल्ली. नोलीन मूग गिळून बसली. शेजारणी हाताला लागलेलं बघून नजर फिरवायच्या, त्यांच्याही घरी वायरी होत्याच. पण नोलीनच्या मनात सगळं येऊन साठलं होतं ते एका दुपारी. केरिन नऊ वर्षांची होती. क्लॅरीचा भाऊ आणि कारखान्यातले दोघं बायकांसह आले होते, टेबलावर ख्रिसमसचा लांब, जमिनीपर्यंत लोंबणारा टेबलक्लॉथ होता, चित्र पुरं होत आलं होतं आणि शोध सुरू झाला होता. तेव्हा नोलीनला काय झालं कोण जाणे. उष्मा असेल. पोटात शेरीचा घोट होता. ती गुडघ्यांवरून उठली आणि म्हणाली, तुझ्या खिशात आहे की तो, क्लॅरी. अगदी हसत म्हणाली. पाहुणे खदखदून हसले, भावाने त्याच्या पाठीत थाप मारली, पकडलं रे बायकोने. क्लॅरीही हसला, तुकडा लावला. पाहुणे गेले, उजेड अजून होता. तो स्वयंपाकघरात आला, चमच्यांचा ड्रॉवर उघडला, तिचा उजवा हात लग्नातल्यासारखा हलकेच हातात घेतला, तर्जनी ड्रॉवरच्या कडेवर ठेवली आणि कमरेने ड्रॉवर लोटला. मग थोडा उघडला, आणि पुन्हा लोटला. आत चमचे खणखणले. सगळ्यांना सांगितलं की गाडीच्या दारात सापडलं. केरिनलाही तेच सांगितलं. बोट मधल्या पेरात वाकडं बसलं ते बसलंच, आणि तेव्हापासून नोलीन जिगसॉचा तुकडा मधलं बोट आणि अंगठा यांनीच उचलते, त्याला आता तिच्या हाताची लकब म्हणतात.

‘‘आई, लक्ष कुठे आहे तुझं? तो घोड्याचा पाय कुत्र्याला लावलास की,’’ केरिन म्हणाली.

नोलीनने पाय काढून घेतला. केरिनने कपाळावरचे केस मागे सारले आणि नोलीनने तिच्या मनगटाकडे पाहिलं, दंडाकडे पाहिलं, कॉलरच्या आत पाहिलं. काही नव्हतं. उन्हात रापलेली, तिळांची, बायकी कातडी होती. नोलीनला स्वतःची लाज वाटली. ही आपली पोटची पोर, आणि आपण तिला खाटकाने तंगडी तपासावी तशी तपासतो आहोत. वॉरिकने तेवढ्यात विचारलं की कुणाला थंड काही हवंय का, आणि उठून तिघांना बियर आणली, नोलीनची ग्लासात ओतून दिली. त्याच्या खिशात तुकड्याचा कोपरा कापडात रुतला होता. तिच्या मनात आलं, ही बाटली उचलावी आणि त्याच्या दातांवर घालावी. इतकं स्पष्ट आलं की तिला काचेचा आवाजसुद्धा ऐकू आला. मग ती म्हणाली, थँक्यू हं, वॉरिक.

ती हॅम कापायला उठली. ओलं फडकं सोडलं, सुरी घेतली. हाडाजवळ सुरी अडली की ती मनगटाला झटका द्यायची आणि मांस सुटायचं, आणि या कामात तिला बरं वाटत होतं. लोकांना वाटतं म्हातारी बाई जिगसॉ लावत बसते म्हणजे मनःशांती शोधते. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं: डोकं शांत राहील, रक्तदाब उतरेल, निसर्गाची चित्रं लावा, फुलं, डोंगर, जुनी घरं. ती लावायची. क्लॅरी म्हणायचा आधी कडा, मग आतलं; ती बरोबर मधून सुरुवात करायची आणि कडा शेवटी. पण खरं सुख लावण्यात नव्हतं, मोडण्यात होतं, हे तिने डॉक्टरांना सांगितलं नाही. चित्र पुरं झालं की ती एक रात्रसुद्धा ठेवायची नाही. दोन्ही हातांची नखं मधोमध घालायची आणि डोंगर फाडायची. तळी, झाडं, चर्च, बदकं, मुठीच्या मुठी, गठ्ठे तोडून, चुरगाळून, पुठ्ठ्याचे दात एकमेकांतून सुटताना जो करकर आवाज व्हायचा तो तिच्या जबड्यात उतरायचा. मग खोकं बंद करून ती अशी झोपायची, जणू दिवसभर शेत नांगरलं.

आणि आणखी एक गोष्ट तिने डॉक्टरांनाच काय, कुणालाच सांगितली नव्हती. क्लॅरीला झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचा गेली. सरावासाठी म्हणून दवाखान्याने लहान मुलांचा जिगसॉ दिला, मोठ्या तुकड्यांचा, एक होडी आणि वर सूर्य. तो डाव्या हाताने लावायचा, लाळ पुसत पुसत. नोलीनने पहिल्याच दिवशी सूर्याचा तुकडा एप्रनच्या खिशात घातला. क्लॅरीने होडी लावली, समुद्र लावला, आणि मग त्याचा डावा हात ट्रेवर, मांडीवर, चादरीच्या घड्यांत फिरायला लागला. फिरतच राहिला. ती शेजारी बसून विणत होती. एक कमी आहे, क्लॅरी, ती म्हणाली. त्याने मान वळवून तिच्या एप्रनकडे पाहिलं, तिच्या बोटाकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं. नीट बघ, ती म्हणाली, घाई करू नकोस. तो रोज शोधायचा. कधी डोळ्यांतून पाणी यायचं, ते आजाराने येतं असं परिचारिका म्हणायची. तो गेला तेव्हा ट्रेवर सूर्याच्या जागी भोक होतं. तुकडा अजून तिच्या शिवणाच्या डब्यात आहे. तिला पस्तावा झालेला नाही. कधीमधी वाटतं, आपण फार थोडं केलं. म्हणून मग वॉरिकच्या खिशाकडे बघून न्याय करणारी मी कोण, हाही प्रश्न हॅम कापताना तिला पडला. खिशात तुकडा ठेवून माणसाला रडवणारी या घरात तर मीच होते.

तिने सुरी धुऊन फळीवर ठेवली, मग परत उचलून ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर मांडीने बंद केला.

चित्र भराभर होत चाललं होतं. नोलीनला ते नको होतं. तिने घोड्याचे तुकडे मुद्दाम खाटकाच्या ढिगात सारले, जमलेला सज्जा सैल केला, पाववाल्याचं डोकं कुत्र्याखाली दडवलं. केरिन म्हणाली, आई आज अगदीच ढ झालीये, आणि वॉरिक म्हणाला, असू दे गं, त्यांना घाई नाही. हे त्याने नोलीनकडे न बघता, केरिनकडेही न बघता, तुकड्यांकडे बघत म्हटलं. मघापासून केरिन जे बसवत होती त्यावर तो बोट ठेवून किंचित दाबत होता, हे नोलीनच्या आता लक्षात आलं. जणू तिने लावलेलं नीट बसलंय की नाही याची खात्री करून घेत असावा. आणि त्याने दाबलं की केरिन पुढचा तुकडा उचलायची, आधी नाही. नोलीनने ग्लास तोंडाला लावला. बाहेर झाडांवरचे किडे करवतीसारखे ओरडत होते आणि कुठेतरी रान जळत असल्याचा वास खिडकीतून येत होता, तो या दिवसांत येतोच. आता घोडा उभा राहिला, खाटीक उभा राहिला, सज्ज्यातली बाई गालिचावर काठी उगारून उभी राहिली. पिवळं छप्पर पसरत गेलं, आणि अखेर टेबलावर एकही तुकडा उरला नाही आणि छपराला भोक राहिलं.

नोलीन वाट पाहत होती. आता काढ, ती मनात म्हणाली, कानात सापडला म्हण, माझ्या बापासारखं कर काहीतरी, मी तुझे पाय धरीन. वॉरिक खुर्चीत मागे रेलला. त्याने दोन्ही हात मानेमागे बांधले.

‘‘एक कमी आहे, केरिन.’’

‘‘असेल इथेच,’’ केरिन हसली.

‘‘इथेच म्हणजे कुठे? पिवळे सगळे तुझ्याकडे होते ना?’’

त्याचा आवाज मऊ होता. चेहऱ्यावर हसू होतं. कुणाही तिऱ्हाइताने म्हटलं असतं, बायकोची थट्टा करतोय. पण नोलीन त्याच्याकडे बघतच नव्हती, ती केरिनकडे बघत होती. केरिनने टेबलाखाली नुसतं डोकावून पाहिलं नाही. आधी तिने आपल्या सदऱ्याच्या दुमडलेल्या बाह्या उलगडून झाडल्या. मग उभी राहून पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले आणि तसेच लोंबते ठेवले, कुणी न मागता, त्याला दिसतील असे. चपला काढून आपटल्या. आणि मग ती गुडघ्यांवर बसली, हाताचा तळवा फरशीवर सपाट ठेवून, एकेका फटीतून, सावकाश. इतकी सराईत. वाकता वाकता तिची नजर एकदाच वॉरिकच्या शर्टाच्या खिशावर गेली, जिथे कापडावर चौकोनी उंचवटा आला होता, आणि कशाला तरी चटका बसावा तशी तिथून निघाली. तिला माहीत होतं. खिशात आहे हे माहीत असून ती फरशी चाचपडत होती, आणि चाचपडताना हसत होती, आणि ते हसू नोलीनचं होतं. तेच, ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून वर जाणारं. नोलीनला वाटलं आपल्याला कुणी आतून उलटं सोललं.

‘‘केरिन, ऊठ.’’

‘‘थांब गं आई, सापडेल आत्ता.’’

‘‘नीट बघ,’’ वॉरिक म्हणाला. ‘‘घाई नाही.’’

नोलीनने दोन्ही हातांची नखं पिवळ्या छपराच्या भोकात घातली आणि चित्र फाडलं. छप्पर उभं चिरलं. तिने घोड्याची मान मोडली, खाटकाला कमरेतून तोडलं, काठी उगारलेली बाई सज्ज्यासकट उपटून काढली आणि गठ्ठ्याने खोक्यात कोंबली. तुकडे केरिनच्या पाठीवर, केसांत, फरशीवर पडले. भोकच राहिलं नाही तर तुझ्या खिशातल्या तुकड्याची किंमत काय, एवढं एकच तिच्या डोक्यात चाललं होतं, आणि तोंडातून कसलासा घोगरा आवाज निघत होता. वॉरिक उठला. अहो, हे काय चाललंय, तो अजून हसतच म्हणाला, आणि त्याने तिचं मनगट धरलं. तिने दुसऱ्या हाताने कुत्रा फाडला. मग त्याचं हसू गेलं. त्याने तिचा उजवा हात पकडून मूठ उघडायला घेतली, एकेक बोट सोडवत, आणि ते वाकडं बोट सरळ होईना म्हणून त्यावर जोर दिला. ते बोट काय आहे हे त्याला माहीत नव्हतं, त्याला तिने फक्त ऐकायला हवं होतं. नोलीनला हात मागे घेता आला असता. मूठ नुसती सैल केली असती तरी भागलं असतं. तिने ती अधिकच घट्ट आवळली. दाब, ती मनात म्हणाली, दाब मेल्या, ही इथे खाली बसून बघतेय तोवर दाब.

‘‘सोडा म्हणतो ना,’’ वॉरिक हळू आवाजात म्हणाला.

‘‘केरिन,’’ नोलीन म्हणाली, ‘‘वर बघ.’’

केरिनने वर पाहिलं, आणि पेरातून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला.

वॉरिकने हात सोडला. पहिल्यांदा त्याने आपल्याच बोटांकडे पाहिलं, मग केरिनकडे. मी काही केलं नाही, तो म्हणाला, त्यांनीच हात मध्ये घातला, तू पाहिलंस. त्याने खिशातून तुकडा काढून टेबलावर फेकला. घ्या, तो म्हणाला, साधी गंमत कळत नाही या घरात कुणाला. त्याने मानेचा घाम पुसला, गाडीची किल्ली घेतली आणि केरिनला सांगितलं की मी गाडीत आहे, सामान घेऊन ये. जाळीचं दार त्याच्यामागे आपटलं. टीव्हीवर कुणीतरी बाद झाला होता आणि लोक आवाज न करता ओरडत होते.

नोलीन खुर्चीत बसली. बोटाची आग कोपरापर्यंत पोचली होती, आणि सांगायला हरकत नाही, तिला आनंद होत होता, कडवट, भरभरून येणारा. केरिन तशीच गुडघ्यांवर, खिसे लोंबत असलेली. तिच्या केसांत घोड्याचा एक डोळा अडकला होता.

‘‘माझं बोट गाडीच्या दारात सापडलं नव्हतं,’’ नोलीन म्हणाली.

‘‘माहीत आहे.’’

‘‘काय माहीत आहे तुला?’’

‘‘मी टेबलाखाली होते, आई. तुकडा शोधायला गेले होते ती तिथेच राहिले. टेबलक्लॉथची कड उचलली तर स्वयंपाकघरातले तुमचे पाय दिसत होते.’’ केरिन फरशीकडे बघत बोलत होती. ‘‘तू टाचा उचलल्या होत्यास.’’

इतक्या वर्षांचं गाडीचं दार, किती निगुतीने जपलेलं. ते दार फक्त तिच्यासाठीच बंद होतं तर. या पोरीने ड्रॉवरचा आवाज ऐकला होता, चमचे खणखणलेले ऐकले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ड्रॉवरमधून चमचा काढून खीर खाल्ली होती.

‘‘त्याच्या खिशात आहे हे तुला कळलं होतं,’’ नोलीन म्हणाली. ‘‘मग शोधत का होतीस?’’

‘‘तू का शोधायचीस?’’

‘‘शोधलं की तो लवकर निवायचा.’’

‘‘हं,’’ केरिन म्हणाली. ‘‘हाही निवतो.’’

बाहेर हॉर्न वाजला. एकदाच, सभ्यपणे. केरिनच्या खांद्यांना झटका बसला. ती उठली, लोंबणारे खिसे आत ढकलले, चपला पायांत घातल्या आणि खुंटीवरची पर्स काढली. नोलीन बघत राहिली. थांब म्हणावं असं तिच्या जिभेवर आलं होतं, पण उभा जन्म जी स्वतः नवऱ्याला सोडून गेली नाही, तिने कुणाला कोणत्या तोंडाने सांगावं. केरिन दारापाशी गेली. जाळीतून तिला रस्त्यावरची गाडी दिसत असणार, काचेआडचा त्याचा चेहराही दिसत असणार. ती बराच वेळ तिथे उभी राहिली. मग तिने एका बोटाने कडी पाडली. वॉरिकने लावलेला आकडा होता, तो अगदी बरोबर बसला.

ती परत आली, पर्स फाडलेल्या चित्रावरच ठेवली आणि आईचा हात उलटा करून पाहिला. दातांच्या दवाखान्यात इतकी वर्षं काढलेली ती, बघताना तिचा हात कापला नाही. बोट निळं पडायला लागलं होतं.

‘‘बर्फ कुठे ठेवतेस हल्ली?’’

‘‘खालच्या कप्प्यात,’’ नोलीन म्हणाली. ‘‘कोळंबीच्या मागे.’’

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब, सोडतच नव्हता. केरिनचे खांदे याही खेपेला उडाले, पण ती फ्रिजपाशी वाकली होती आणि कोळंबीची पिशवी बाजूला सारत होती.